बंद न झालेलं रेकॉर्डिंग

माऊस हलवला की बाण एका जागी थिजायचा आणि दोन-तीन श्वासांनी भलतीकडेच उगवायचा. राठोड सर माझ्या मागे उभे होते.

"ताई, काहीबी करा, पण फॉरमॅट नका मारू," ते म्हणाले. "आत याडीची गाणी हायेत."

मी उमरखेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते; सरांचा फोन आला म्हणून त्यांच्या घरी आले होते. सर निवृत्त शिक्षक, महागावकडच्या एका तांड्यावर राहतात. याडी म्हणजे त्यांची आई. गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, आईला याडी म्हणतात. याडींचं वय ऐंशीच्या पुढे. सर सकाळपासून त्यांची गाणी रेकॉर्ड करत होते. मशीन अडकलं की फुलीवर क्लिक करून प्रोग्राम बंद करायचे आणि परत उघडायचे. एकही गाणं सेव्ह झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी याडी लेकीकडे आदिलाबादला जाणार होत्या. परत येतील तेव्हा त्यांना किती आठवेल, हे कुणी सांगावं?

खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरला होता. दुपारचं ऊन त्यावर पडून भिंतीही पांढऱ्या, मऊ झाल्यासारख्या वाटत होत्या. बाहेरचा आवाज आत येईपर्यंत विरून जायचा.

मी टास्क मॅनेजर उघडला. कोणता प्रोग्राम चालू आहे आणि त्याने किती मेमरी अडवली आहे, याची ही यादी. ही मेमरी, म्हणजे रॅम, स्वयंपाकाच्या ओट्यासारखी. काम तिच्यावर चालतं. डिस्क म्हणजे फळी. ओट्यावरचं फळीवर ठेवलं की सेव्ह झालं. वीज गेली की ओटा साफ.

मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं. सगळ्यात जास्त खाणारे वर आले. एकच नाव पाच वेळा होतं, त्या रेकॉर्डिंगच्या जुन्या प्रोग्रामचं. फुलीवर क्लिक केलं की तो बंद होत नव्हता, नुसता स्क्रीनच्या खाली घड्याळाशेजारी जाऊन बसत होता.

सवयीने माझं बोट एंड टास्कवर गेलं. पाचही मारले की मशीन मोकळं. पण आकड्यांकडे लक्ष गेलं. कुणी कशाला हात लावत नव्हतं, तरी पाचही आकडे हळूहळू वाढत होते. रेकॉर्डिंग चालूच होतं. सकाळपासूनचं सगळं ओट्यावरच होतं.

मी सरांना हे सांगितलं. लाईट जाईल या धास्तीने त्यांनी घरातला पंखासुद्धा बंद केला. लहानापासून सुरुवात करून मी एकेक रेकॉर्डिंग थांबवलं, सेव्ह केलं, खरोखर बंद केलं. शेवटी सगळ्यात मोठं. अर्धा तास गेला असेल. बाण पुन्हा हाताबरोबर चालू लागला.

मोठी फाईल तपासायला लावली. गाणी होती. मग सरांचं मशीनवर करवादणं, खुर्ची सरकल्याचा आवाज, मला फोन करायला बाहेर गेलेली पावलं. मग बराच वेळ फक्त होल्यांचं घुमणं. आणि मग याडी एकट्याच, अगदी खालच्या आवाजात, गायला लागल्या.

सर खाली बसले. तो ढावलो होता. लग्न लागल्यावर माहेर सोडताना नवरी गळ्यात पडून रडत गाते, ते गाणं. सकाळी सरांनी तोच मागितला होता. तेव्हा याडी म्हणाल्या होत्या, घरात लगन नाही, मी कायले रडू?

हे त्यांनी आम्हाला दिलेलं नव्हतं. मी फाईल थांबवली.

"बंद काहून केलं?" याडी दारात उभ्या होत्या.

मी परत लावली. त्या कापसाला टेकून बसल्या आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"माही याडी गाऊन राह्यली," त्या म्हणाल्या.

सरांनी समजावलं की हा तुझाच आवाज आहे. त्यांना ते पटलं नाही. मी विचारलं, हे ठेवू की पुसू?

"ठेव, बाई. तिची दुसरी कोनती वस्तू हाये मायाजवळ?"

मी दोन पेनड्राईव्हवर कॉप्या केल्या. एक सरांना दिली. दुसरी याडींनी लुगड्याच्या पदरात बांधली आणि आदिलाबादला नेली.

आता एंड टास्क दाबण्याआधी मी मिनिटभर आकडा वाढतोय का ते पाहते. बहुतेक वेळा काही नसतं. उघडे ठेवलेले ब्राउझरचे तीस टॅब असतात.