दादा वर आला ती पट्टी

शाळेत मी थोडाच गेलो. गुरुजींनी एकदा कान पिळला, दुसऱ्यांदा पिळायला मी तिथं थांबलो नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कोणी बघत बसू नये. पण लिहितो ते माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे आणि कोणी कितीही शहाणपण शिकवलं तरी त्यातलं मी काही बदलणार नाही.

आमचं घर नाशकात, गंगेच्या काठाला. बाहेरचे तिला गोदावरी म्हणतात, आम्ही गंगाच म्हणतो. बाप पाणबुड्या होता, थोरला भाऊ पाणबुड्या. यात्रेकरूची अंगठी पडली, तांब्या गेला, माणूस गेलं, की हाक आमच्या दारात. मला पाण्यात कान ठणकायचे, म्हणून मी वरचा राहिलो. दादा मात्र पाण्यात गेला की घरी गेल्यासारखा दिसायचा.

आमच्याकडे एक रीत होती. बुडी मारून वर आलं की डोळे उघडायच्या आत हात जोडायचे. बाप सांगायचा, "घेताना ती इचारत नाय. सोडती तवा आपण सांगायचं, सुटलो बाई." दादाला ते सांगावं लागत नसे. त्याचं डोकं पाण्याबाहेर यायचं आणि हात आपोआप जोडले जायचे. आई पायरीवर कोरडं धोतर हातावर घेऊन उभी असायची. बाप होता तेव्हा बापासाठी, मग दादासाठी. धोतर देताना काही बोलायची नाही. घेतलं की वळायची, चुलीकडे जायची.

सिंहस्थ आटपला होता आणि गावात बोलपट आले होते, त्या सुमारास ते दोघे अरब नाशकात आले. मामा आणि भाचा. मूळचे अरबस्तानातले, बहरीन नावाच्या बेटावरचे. घराणं मोत्याच्या समुद्रातलं, पण जपान्यांनी शिंपल्यांत मुद्दाम पैदा केलेले स्वस्त मोती बाजारात आले आणि धंदा बसला. मुंबईत राहून मामा कॅमेरा चालवायला शिकला होता, भाचा गोष्टी रचायला. मुक्या फिल्मला आता कोणी विचारत नव्हतं, म्हणून आमच्या गावातल्या एका जुन्या स्टुडिओचं सामान पडून होतं. ते घेऊन या दोघांना स्वतःची फिल्म काढायची होती. मोती काढणाऱ्या पाणबुड्याची. समुद्राच्या जागी गंगेतलाच आनंदवल्लीचा डोह.

त्यांना पाणबुड्या पाहिजे होता. लोकांनी आमचं घर दाखवलं.

भाच्यानं दादाला दारातच विचारलं, "पानी में कितनी देर रहोगे?"

दादा म्हणाला, "तुम्ही जेवून या. मी खालीच आहे."

तिथंच ठरलं. मलाही काम लागलं. फळ्यांवर चंदेरी कागद चिकटवलेला असायचा, त्या उन्हात धरून नटाच्या तोंडावर उजेड पाडायचा. लोकांना वाटतं, त्यात काय, फळी धरायची. धरून बघा. सूर्य सरकतो, ढग येतो, हात भरून येतात, आणि उजेड तोंडावरून हलता कामा नये. मामा माझ्यावर खूश होता. म्हणायचा, "तेरा हाथ पत्थर है."

संध्याकाळी काम थांबलं की आम्ही चौघं चहाच्या दुकानात बसायचो. ते दोघे आपसात अरबीत बोलत, पण भांडण चढलं की हिंदुस्थानीवर येत, कारण मग त्यांना पंच लागत. पंच आम्ही.

भांडण एकच. रोज तेच. पाणबुड्यानं शेवटी वर यायचं की नाही.

तिथंच आम्हाला त्या गोष्टीमागची गोष्ट कळली. ती भाच्याच्या बापाची होती. तिकडे पाणबुडे पायाला दगड बांधून खाली जातात, नाकाला शिंगाचा चिमटा, गळ्यात टोपली. होडीतला माणूस दोर धरून बसतो. दोराला हिसका बसला की वर ओढायचं. भाचा रांगत होता तेव्हा त्याचा बाप असा खाली गेला. हिसका बसलाच नाही. दोर ओढला तर हलका आला. देह मिळाला नाही. तेव्हापासून भाच्याची आई घराचं दार लावत नव्हती. ऊन असो, वाळूचं वादळ असो, रात्र असो, दार उघडं. भाच्याला फिल्म काढायची होती ती तिला दाखवायला. बाप पाण्यातून वर येतो, एवढं तिनं एकदा डोळ्यांनी बघावं.

मामा म्हणायचा, "माझा कॅमेरा समोर असेल तेच घेतो. तो वर आला नाही."

भाचा म्हणायचा, "झालेलं तर सगळ्यांनी बघितलंय, त्याला कॅमेरा कशाला? कॅमेरा न झालेल्यासाठी आहे."

"ती बघेल आणि आणखी वाट बघेल."

"आत्ता काय करतेय?"

दादा मधेच बशी खाली ठेवून म्हणायचा, "अहो मामू, वर येणार कोण? मी! तुम्ही कितीबी भांडा, मी काय खाली ऱ्हाणार नाय. घरी आई धोतर घेऊन उभी असती, तिला काय सांगू, फिल्मवाल्यांचं ठरंना?"

दोघं हसायचे. भांडण दुसऱ्या दिवसावर जायचं.

एकदा मात्र मामा हसला नाही. भाचा रागात बोलून गेला, "तुम्हाला त्याचं काय, तुम्ही होडीत बसला होता." मामानं चहा तसाच ठेवला. मग आमच्याकडे बघून म्हणाला, "दोर माझ्या हातात होता." भाचा त्याच्या बहिणीचा मुलगा. म्हणजे मेहुण्याचा दोर यानंच धरलेला. मामा म्हणाला, "तो वर आला नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? आणि हा मला सांगतो, तूच कॅमेरा फिरव आणि तो वर आलेला दाखव."

 दादानं आपली खारी मामाच्या बशीत ठेवली. आमच्या दादाला समजूत घालता यायची ती अशीच.

शेवटी भाच्याचं चाललं. फिल्मही त्याचीच होती.

तो दिवस स्वच्छ होता. काठ दिसू नये म्हणून मामानं कॅमेरा उंच खडकावर ठेवला होता. डोहात लाटा याव्यात म्हणून गावातली चार माणसं फळ्यांनी पाणी ढकलत होती. कोरी फिल्म संपत आली होती, उरलेला तुकडा एकदाच पुरणार होता. भाच्यानं दादाला पुन्हा पुन्हा सांगितलं, वर यायचं, श्वास घ्यायचा, आभाळाकडे बघायचं. दादा मान हलवत होता. शिंगाचा चिमटा नाकाला लावल्यावर गेंगाण्या आवाजात मला म्हणाला, "शहाण्या, उजेड माझ्या तोंडावर पाड, पाठीला नको." आणि दगड धरून खाली गेला.

मामा कॅमेऱ्याचा दांडा फिरवू लागला. बुडबुडे आले, मग यायचे थांबले. दादानं मुद्दाम वेळ लावला. त्याला वाटलं असेल, चांगलं दिसेल. मी फळी धरून होतो, पण नजर मामाकडे गेली. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, दाढीत जात होत्या. हात मात्र एका लयीत फिरत होता, जरा पुढे-मागे नाही. कारागिरी मी त्या दिवशी बघितली.

मग पाणी फुटलं आणि दादा वर आला. चेहऱ्यावर माझा उजेड बरोबर पडला. डोळे मिटलेले. आणि डोळे उघडायच्या आत त्यानं हात जोडले.

भाचा ओरडला. फिल्म संपली होती.

"यह क्या किया!" तो पाण्यात गुडघ्यापर्यंत गेला. अरब पाणबुड्या, मुसलमान माणूस, समुद्रातून वर आला आणि नमस्कार करतोय!

दादाला आधी कळेचना काय बिघडलं. त्याला हात जोडल्याचं ठाऊकही नव्हतं. मग मी रीत सांगितली, बाप सांगायचा तशी. घेताना विचारत नाही, सोडते तेव्हा सांगायचं. मामानं ती ऐकली आणि तो खडकावर खाली बसला. मग भाच्याला म्हणाला, "ठेव. आपल्या फिल्ममध्ये खरं झालेलं तेवढंच आहे."

भाचा म्हणाला, "अम्मा विचारेल, हा हिंदू कोण?"

त्यानं ते ठेवलं नाही. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन छापून झाली आणि जोडताना त्यानं दादाचं डोकं वर यायच्या आधीच ती कापली. त्याच्या फिल्मच्या शेवटी नुसतं पाणी राहिलं. कापलेली पट्टी त्यानं दादाच्या हातात दिली. "यह तुम्हारा है." रागानं नाही दिली. दादानं ती उजेडाकडे धरून बघितली, एकाखाली एक बारके दादा. "एवढे पाणबुडे नाशकात हायेत व्हय?" म्हणाला आणि पट्टी माझ्याकडे फेकली. ते दोघे आपल्या मुलखाला गेले. मी पट्टी तंबाखूच्या डबीत ठेवली.

पुढच्या श्रावणात गंगेला पूर आला. एक माणूस वाहून गेला, त्याच्या घरची मंडळी दारात येऊन रडली. अशा पाण्यात आमच्यातला कोणी उतरत नाही. दादा उतरला. आई धोतर घेऊन पायरीवर उभी होती, मी तिच्या शेजारी. पाणी लाल, वर फांद्या, मेलेलं वासरू. तो खाली गेला.

वर आला नाही.

आम्ही सायखेड्यापर्यंत काठ शोधला. पूर ओसरल्यावर पुन्हा शोधला. इतरांची माणसं काढणारं आमचं घर, आमच्या माणसाला काढायला जातभाई आले, डोहाडोहांत उतरले, आणि रिकाम्या हातांनी वर आले. वर येताना सगळ्यांनी हात जोडले. मी बघत होतो.

आई रडली नाही. जेवायची, काम करायची, पण दादाचं नाव निघालं की म्हणायची, "मला त्याचं तोंड दिसलं नाय. मी कसं मानू?" लोकांनी दिवस करा म्हणून सांगितलं. ती म्हणायची, "कोणाचे?" दादाचा फोटो घरात नव्हता. आमच्यासारख्यांचे फोटो तेव्हा कोण काढत होतं!

माझ्याकडे पट्टी होती.

गंगेच्या वाळवंटात बाजाराच्या दिवशी मालेगावचा एक म्हातारा मुक्या फिल्मचा तंबू लावायचा. हातानं फिरवायचं यंत्र होतं. मी त्याला पट्टी दाखवली. तो म्हणाला, "चाचा, इसमें क्या है? पलक झपकी, खेल खतम." मी त्याच्या निम्म्या वयाचा, पण त्याची सगळ्यांना चाचा म्हणायची सवय होती. मी हट्ट सोडला नाही. तेव्हा त्यानं दोन्ही बाजूंना जुनी फिल्म चिकटवून पट्टी लांब केली आणि एका संध्याकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, मोकळ्या तंबूत मी आईला सतरंजीवर बसवलं. तिनं आयुष्यात असलं काही बघितलं नव्हतं. पदर डोक्यावरून घट्ट घेऊन बसली.

यंत्र घरघरलं. पडद्यावर पाणी. पाणी फुटलं. दादा वर आला, केवढा मोठा, तंबूएवढा, तोंडावर माझा उजेड. हात जोडले. संपलं.

आई म्हणाली, "वर आला."

मग म्हणाली, "परत."

म्हाताऱ्यानं परत फिरवलं. ती पुन्हा म्हणाली, परत. आणखी एकदा फिरवून म्हाताऱ्यानं हात बाजूला घेतला. "अम्मा, पट्टी जल जाएगी." आई उठली. घरी येताना रस्ताभर तिचा चेहरा असा होता, की मला वाटलं, केलं ते लाख मोलाचं केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कोरडं धोतर हातावर घेऊन पायरीवर जाऊन उभी राहिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग रोज. ऊन चढलं की धोतर घडी घालून परत आणायची, चार दिवसांनी धुऊन वाळवायची, कारण कोरडं पाहिजे. मी एकदा म्हटलं, "आई, अगं ती फिल्म." ती म्हणाली, "मला शिकवू नको. सोडल्याबिगर का त्यानं हात जोडले?"

मामा पुढे एकदा आला, एकटाच, कॅमेरा विकायला. मला शोधत घाटावर आला. दादाचं मी सांगितलं. तो माझ्या शेजारी बसला. मग मीच विचारलं, तुमच्या बहिणीनं फिल्म बघितली का? तो म्हणाला, अंगणातल्या भिंतीवर दाखवली. शेवटी नुसतं पाणी आलं. तिनं मुलाला विचारलं, "पुढे?" तो म्हणाला, पुढे काही नाही. ती बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. मग उठली आणि दार लावलं.

हे सांगताना त्याची नजर पायरीवर गेली. आई उभी होती, हातावर धोतर. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पट्टीचं त्याला समजलं असणार. तो मान खाली घालून गप्प बसला, त्या गप्प बसण्याचा मला राग आला. मी म्हटलं, "बोला की मामू. बोला, तुमचंच खरं होतं."

तो म्हणाला, "कुछ नहीं, बेटा." उठला, आईपाशी गेला, वाकून तिच्या पायरीला हात लावला आणि निघून गेला. पुन्हा भेटला नाही.

मी चुकलो असं पुढे पुष्कळांनी तोंडावर सांगितलं. मी मानलं नाही, आजही मानत नाही. तिला त्याचं तोंड बघायचं होतं, मी दाखवलं. भाच्याच्या आईनं दार लावलं, ती त्याची आई. आमच्या आईकडे लावायला दार नव्हतं, नदी होती.

ती गेली तीही एका पहाटे, घाटावरून परतल्यावर. धोतर उशाशी होतं. तिच्या अस्थी मी गंगेत सोडल्या. डबीतली पट्टी तोवर चिकट होऊन स्वतःलाच धरून बसली होती, दादा दिसतही नव्हता. तीही सोडली. मग बुडी मारली. कान ठणकले. वर आलो तर पायरीवर कोणी नव्हतं. ओल्या अंगानं उभा राहिलो. भटजी म्हणाले, "हात जोडा."

मी जोडले नाहीत.