बुक्कीने फोडलेला कांदा
बुक्कीने फोडलेल्या कांद्याचा वास आला की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातली आमची जेवणाची सुट्टी आठवते. शाळा सोडून गावाहून नुकतीच आलेली मी तिथे पॅकिंगच्या कामाला होते आणि चार बायकांनी मला आपल्यात जेवायला घेतलं होतं. कांदा तेव्हा इतका महागलेला की पाचजणींत एकच फुटायचा. "दडवून बसलेत मेले, भाव चढायची वाट बघत," खडवलीहून येणारी मावशी पाकळ्या वाटताना म्हणाली. तेवढ्यात गावाहून माझ्या वडिलांचा, आप्पांचा फोन आला. हात खरकटे, म्हणून मी स्पीकर लावला. "आपला कांदा अजून शेतातल्या चाळीतच साठवून ठेवलाय गं, भाव आणखी चढू दे जरा," आप्पा म्हणाले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "घ्या! साठेबाजीण आपल्यातच जेवतेय," एक म्हणाली. आता उद्यापासून एकटीनेच जेवायचं, या धास्तीने मी डब्याला झाकण लावायला घेतलं. मावशीने मात्र आपली पाकळी माझ्या डब्यात टाकली. "गेल्या साली कांदा मातीमोल झालेला, तेव्हा आपण पिशव्या भरभरून नेला. हिच्या बापाला कोणी विचारलं का गं तेव्हा? जेव तू." आता कांदा स्वस्त झाला की मी आप्पांना फोन करते, आणि महागला की मावशीला.