आबांच्या फेट्यातला एन्हान्सर

चुलतबहिणीच्या लग्नाला सांगलीत पोचले, तर थोरले चुलते हॉलच्या दारातच टपून बसलेले. आबा म्हणजे रिटायर सुभेदार. आमच्या पाटणच्या घरात त्यांचा शब्द अखेरचा.

"काय गं, पुण्यात एवढी वर्सं करतीस तरी काय? आज मला समजंल असं सांग. न्हाईतर पीएचडी बास, मलकापुरात नोकरी धर."

काम निम्म्यात सोडू? मेले तरी नाही! घसा खाकरून मी सुरू केलं, "आबा, आपल्या हाडांच्या आत रोगांशी लढणाऱ्या बी-पेशी वाढतात. अँटिबॉडी बनवणारा जीन त्यांच्यात असतो. पण त्याला जागं करणारा एन्हान्सर त्याच डीएनएवर लांब कुठंतरी बसलेला."

"मग लांबनं जागं करतो कसा? फोन लावतो व्हय?"

सगळं वऱ्हाड खो खो हसलं. माझं डोकं सटकलं. आबांचा नुकताच बांधलेला मानाचा फेटा मी चक्क त्यांच्या डोक्यावरून उतरवला!

आईनं पदर तोंडाला लावला. आता माघार कसली घेणार? फेटा खुर्च्यांवरून लांबलचक पसरला, एका टोकाला कुंकवाचं बोट लावलं, दुसऱ्याला हळदीचं.

"हे कुंकू म्हणजे जीन आणि हळद म्हणजे एन्हान्सर. पेशी वाढताना डीएनए फेट्यासारखा गुंडाळला जातो, दोघं शेजारी येतात, मग जीन कामाला लागतो. हळदीचा तुकडा कापून टाकला, तर जीन धडधाकट असूनही जवळजवळ गप्पच."

"बांध परत," आबा एवढंच म्हणाले.

फेटेवाला केव्हाच पुढच्या लग्नाला पळालेला. मग मीच गुंडाळला. कुंकू कपाळावर, हळद मानेवर आणि एक कान आत गडप! फोटोवाला उगाचच कॅमेरा पुसत बसला.

आबा तडक आरशापुढं गेले. सोडला, बांधला, परत सोडला. अक्षता वाटून झाल्या, नवऱ्याकडचे बोलवायला आले, "आवं पाव्हणं, चला की!"

"थांबा वो, अजून दोघांची भेट न्हाई झाली!"

अखेर कानाच्या वर हळद-कुंकू एकमेकांना टेकलं. "आता चालू?" त्यांनी मला विचारलं.

"चालू, आबा!"

माझ्या वडिलांकडं वळून ते म्हणाले, "जाऊ दे रं हिला पुण्याला. लय नाजूक काम हाय, येळ लागणारच."

मी भर हॉलमध्ये ढसाढसा रडले. बहिणीच्या सासूनं पाठीवरून हात फिरवत समजूत घातली, "रडू नको बाळ, आमी तिला लेकीसारखं सांभाळू."