तीस फूट कुठून मोजायचे

नगरपालिकेच्या परवाना खात्यात तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे टेपबाई. पर्समध्ये पन्नास फुटी टेप घेऊन फिरणारी दुसरी बाई त्या गावात नव्हती. नवरा शिंपी. त्याच्या गळ्यात टेप, हिच्या पर्समध्ये टेप, या घरात मुलांची उंची दिवसातून दोनदा मोजत असतील, असं शेजारी म्हणायचे. तीही हसायची. बावीस वर्षांच्या नोकरीत तिच्या मोजमापावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि धाकही होता, कारण उद्या कोणी बोट ठेवलंच तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

निवडणूक आली की प्रचारफलकांच्या अर्जांनी तिचं टेबल भरून जायचं. नियम तिला तोंडपाठ होते. फलक चार फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा नको. ज्याच्या कुंपणावर लावायचा त्याची लेखी संमती हवी. झाडाला खिळा ठोकायचा नाही, विजेच्या खांबाला दोरी बांधायची नाही. आणि रस्त्याच्या कोपऱ्यापासून फलक तीस फूट दूर हवा, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला समोरचं दिसेल. ती स्वतः जागेवर जायची, मोजायची, फलकाच्या खालच्या कडेला परवान्याचा क्रमांक चिकटवायची आणि त्यावर सही करायची.

मतदानाला नऊ दिवस उरले असताना एका सकाळी ती स्कूटरवरून कामाला निघाली होती. बेकरीच्या कोपऱ्यावर वळताना एका फलकाआडून अचानक सायकलवर एक शाळकरी मुलगी पुढ्यात आली. टेपबाईने करकचून ब्रेक दाबला. स्कूटर थांबली, पण मुलगी घाबरून पडली. कोपर खरचटलं होतं, चेहरा पांढरा पडला होता.

"लागलं का गं?"

"नाही. तुम्ही दिसलाच नाहीत," मुलगी म्हणाली आणि सायकल उचलून निघूनही गेली.

तिने फलकाकडे पाहिलं. एका उमेदवाराचा हसरा चेहरा, खाली क्रमांक सतरा आणि तिची स्वतःची सही. तिने टेप काढला आणि तिथेच रस्त्यात मोजलं. एकतीस फूट. बरोबर होतं. मग दिसलं का नाही?

दुपारी डबा न उघडता तिने नियमावली काढली. पहिलं पान ती डोळे मिटून म्हणू शकली असती. दुसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक स्पष्टीकरण होतं: अंतर मोजताना, रस्ता जिथून वळायला लागतो तिथून मोजावे. ती कोपऱ्याच्या टोकापासून मोजत आली होती. तिच्या आधीच्या कारकुनाने तसं शिकवलं होतं आणि तिने तसंच पुढे चालवलं होतं. बेकरीचा कोपरा गोल होता. वळण सुरू होतं तिथून तो फलक जेमतेम बावीस फुटांवर येत होता.

तिने कोपऱ्यांवरचे सगळे परवाने बाहेर काढले आणि एकेका जागेचं वळण डोळ्यांसमोर आणलं. एकतीस फलक चुकत होते. एकतीस ठिकाणी तिची सही होती.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा एका पक्षाच्या प्रचाराचं सगळं काम बघत होता. बेकरीचा फलक समोरच्या पक्षाचा. तो एकटा काढला तर सगळं गाव म्हणणार, मेव्हण्यासाठी काढला. सगळे काढले तर दोन्ही पक्ष तिच्यावर तुटून पडणार. आणि काहीच केलं नाही तर ती सायकल रोज सकाळी त्याच कोपऱ्यावरून येणार.

ती साहेबांकडे गेली. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, निवृत्तीला आले होते.

"कोणी तक्रार केलीये का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कोणाला लागलंय?"

"थोडं खरचटलं."

"मग नऊ दिवस दम धर. मतदान झालं की आठवड्यात सगळे फलक उतरतातच. आता हात लावलास तर मधमाश्यांचं पोळं उठेल, बाई. तुलाही चावतील आणि मलाही."

ती बरं म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तिने काही केलं नाही. घरी येताना ती बेकरीचा रस्ता टाळून लांबून आली आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खिडकीबाहेरून रुग्णवाहिका भोंगा वाजवत गेली. टेपबाई हातातलं पेन तसंच टाकून जिना उतरली आणि तिच्या मागे जवळजवळ धावत सुटली. रुग्णवाहिका बेकरीजवळ थांबलीच नाही, पुढे वळून दवाखान्यात शिरली. कोणा म्हातारबुवांना धाप लागली होती, एवढंच. बेकरीवाला दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"काय झालं हो बाई?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या पायरीवर बसून राहिली.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. कोटाची बाही चुकीची बसली होती, तिचे टाके तो उसवत होता. मान वर न करता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हे गिऱ्हाइकाला कळलं नसतं," तो बाही दाखवत म्हणाला. "पण त्याला हात वर करता आला नसता."

"माझी नोकरी गेली तर?"

"तर बटणं लावायला ये. तुझा हात काही फार चांगला नाही, पण चालवून घेऊ."

तिला हसू आलं नाही. झोपही नीट लागली नाही. सकाळी मात्र तिने अर्ज लिहिला. मोजण्याची पद्धत माझी चुकली, एकतीस फलक नियमात बसत नाहीत, दोन्ही पक्षांच्या माणसांसमोर सगळे पुन्हा मोजावेत. यादी जोडली. आणि साहेबांकडे न जाता आधी आलेले कागद नोंदवणाऱ्या आवक खिडकीवर जाऊन त्यावर शिक्का मारून घेतला.

साहेबांनी कागदावरचा शिक्का पाहिला.

"आवकला टाकलास?"

"हो."

"म्हणजे आता मी हे वाचलंच नाही असं म्हणायची सोय राहिली नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बोलाव सगळ्यांना."

भाऊजी बैठकीच्या आधीच तिच्या टेबलापाशी आले. एकतीस फलकांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"आमचे किती?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"एकोणीस."

"आणि त्यांचे बारा." त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली होती. "घरच्या माणसालाच गाठलंस. ताईला काय सांगू मी?"

"नियम दाखवा तिला."

"नियम तू दाखव," ते म्हणाले आणि पाठ फिरवून गेले.

बैठकीत आवाज चढले. समोरच्या पक्षाचा माणूस म्हणाला, ही मेव्हण्याची चाल आहे. भाऊजी म्हणाले, चाल असती तर माझे एकोणीस कशाला गेले असते? शेवटी सगळे कोपरे पुन्हा मोजायचं ठरलं. पुढचे दोन दिवस टेपबाई उन्हातून कोपरे मोजत फिरली. दोन्ही पक्षांची माणसं तिच्या मागे, आकडा पाहायला टेपवर वाकलेली. बहुतेक फलक आठ-दहा फूट मागे सरकवून भागले. सात ठिकाणी मागे सरकवलं की घराची खिडकी झाकली जायची, तिथे मालकांनी संमती नाकारली आणि फलक उतरले. त्या सातांतले पाच भाऊजींचे होते. रोज घरी आल्यावर ती यादी पुन्हा तपासायची, एखादा कोपरा राहिला तर नाही ना म्हणून.

मतदान पार पडलं. भाऊजींचा उमेदवार छत्तीस मतांनी पडला. ते पाच फलक असते तर तो आला असता का, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. टेपबाईने स्वतःला हा प्रश्न कितीदा विचारला याची गणती नाही. ताईचा फोन यायचा बंद झाला. हिने केला तर भाची उचलायची आणि आई बाहेर गेलीये म्हणायची, मागे आईचा आवाज ऐकू येत असतानाही.

साहेबांनी लेखी ठपका दिला. "द्यावाच लागतो," ते म्हणाले, पण त्यात 'चूक स्वतःहून कळवली' हे वाक्य त्यांनी आपल्या हाताने घातलं. तिची बदली जन्ममृत्यू नोंदणीत झाली. तिथे तिला काम संपल्यावरही उठवत नसे. एकेक नोंद ती तीनदा वाचायची. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणायची, अहो, गेलेली माणसं काही तक्रार करायला येत नाहीत.

पाच महिन्यांनी खिडकीसमोर ताई आणि भाऊजी उभे राहिले. भाचीला मुलगी झाली होती, हे तिला शेजारणीकडून कळलं होतं. बोलावणं आलं नव्हतं.

ताईने दवाखान्याचा कागद आत सरकवला. "दुसऱ्या खिडकीवर गर्दी होती," ती म्हणाली. दुसरी खिडकी रिकामी होती.

टेपबाईने नोंद लिहिली. वेळ, वजन, आईबापांची नावं. मग वही उलटी करून भाऊजींपुढे ठेवली.

"एकदा वाचून बघा. माझं चुकतं कधीकधी."

भाऊजींनी खिशातून चष्मा काढला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून सगळं वाचलं. मागे तीन माणसं रांगेत ताटकळत होती.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले आणि सही केली.

ताईने पिशवीतून फोटो काढला. "नाक बघ," ती म्हणाली. "अगदी तुझ्यावर गेलंय."