मागे येणारा टँकर

पापडखाराचा वास आला की दुष्काळातली दिंद्रुडची ती सकाळ आठवते. आमच्या नव्या पापड बचत गटाचं भांडवल चारशे रुपये. हजर आम्ही चौघी, अपंग लेकरांच्या आया.

टँकरचा भोंगा वाजताच तिघी घागरी घेऊन पळालो. माझ्या सुमीला ऐकू येत नसे. ती रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या टँकरच्या चाकामागे बसून गळतं पाणी ओंजळीत धरत होती. आम्ही ओरडलो, ड्रायव्हरलाही ऐकू गेलं नाही. पापड लाटत बसलेल्या कौसाबाईंनी पिठाचा गोळा तिच्या पाठीत हाणला. ती चिडून उठली, त्यांच्याकडे धावली. चाक तिच्या जागेवरून गेलं.

"आज वाचली गं. रोज कोन बघनार हिला?" कौसाबाई म्हणाल्या.

तेव्हा मी रिकाम्या राहिलेल्या घागरीसाठी हळहळले होते. आता फक्त चाक दिसतं.

पहिल्या विक्रीतून आम्ही स्वतःसाठी काहीच घेतलं नाही. आम्ही कामात असताना लेकरं सांभाळण्याची मजुरी, साठ रुपये, घरीच असणाऱ्या कौसाबाईंच्या सासूला दिली.