दाक्तरीणबाई चहाला आल्या तो दिवस

करंज्यांचा शेवटचा घाणा कढईत होता. फडताळावरचं ताट काढायला मी उजवा हात वर केला आणि काखेत कळ गेली. चोळीवरून चाचपून पाहिलं. सुपारीएवढी गाठ होती, दाबली की दुखत होती.

हात खाली घेतला. तेवढ्यात करंज्या लाल व्हायला लागल्या, त्या झाऱ्यानं काढल्या. सासूबाई पलीकडे चिवड्याची फोडणी करत होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं.

ती वर्षं ज्यांनी काढली त्यांना गाठ म्हणजे काय हे सांगायला नको. मुंबईत प्लेग पेटला होता आणि माणसं गाड्या भरभरून घाटाकडे पळत होती. कर्जतला गाडी थांबली की सगळ्यांना उतरवून तपासत. बायकांसाठी स्टेशनाशेजारी कनात लावली होती आणि आत एक गोऱ्या दाक्तरीणबाई बसत. ताप निघाला, काखेत किंवा जांघेत गाठ सापडली, की त्या बाईला तिथूनच गावाबाहेरच्या झोपड्यांत नेत. तिथून परत आलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. खालापूरला, माझ्या माहेरी, शेजारच्या घरात एकीला गाठ आली. तिला नेलं, मागोमाग घरातल्या सगळ्यांना नेलं, अंथरुणं जाळली आणि ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली. मी दिवाळीला गेले तेव्हा ते घर तसंच उघडं पडलं होतं. चुलीजवळ गवत उगवलं होतं.

आणि त्याच दाक्तरीणबाई त्या दुपारी आमच्याकडे चहाला यायच्या होत्या.

आमचे हे स्टेशनात तारमास्तर होते. बाईंना मराठी शिकायची हौस, म्हणून त्या रोज यांना चार शब्द विचारत. एकदा इंग्रजीत म्हणाल्या, "बायका मला पाहून रडतात. मला कोणी घाबरणार नाही अशा घरी एकदा बसायचं आहे." हे तिथल्या तिथे बोलावणं करून आले. सासूबाईंनी दोन दिवस कुरकुर केली. मग ओटीवर बसवायचं, आत घ्यायचं नाही, कपबशा स्टेशनातून मागवायच्या, असं ठरवून स्वतःच कामाला लागल्या. नारळाच्या वड्या केल्या, कडबोळी केली, नव्या पोह्यांचा चिवडा केला.

दोन दिवसांपूर्वी नारळ खवताना माझ्या उजव्या हाताच्या बोटाला खवणीचा दात लागला होता, त्यावर चिंधी बांधली होती. त्या सकाळी पोशीरहून येणारी दूधवाली ती चिंधी बघून म्हणाली होती, "वैनी, बोट लई सुजलंय. हळद भरा गं, नायतर काखंत अवधान यील." आणि लोटा उचलता उचलता दुसरंही बोलून गेली होती, "भाताच्या वखारीत उंदीर मेल्यात म्हनं. आमी नाय जात आता तिकडं."

आता चुलीपुढे बसून मला तिची दोन्ही वाक्यं आठवत होती. जखमेचं अवधान येतं, म्हणजे काखेत साधी गाठ धरते, हे मला ठाऊक होतं. पण उंदीर मेले की मागोमाग प्लेग येतो, आणि वखार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती. कपाळाला हात लावला तर गरम लागलं. ताप होता की चुलीची धग, कळेना. सांगावं तर कुणाला? सासूबाईंना सांगितलं तर त्या तिथेच खचतील. यांना सांगितलं तर हे बाईंना परतवायला जातील आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच बाईंना सगळं कळेल. मी लुगडं बदललं आणि पदर खांद्यावरून घट्ट घेतला.

बाई तिनाच्या सुमारास आल्या. उन्हानं तांबूस झालेला चेहरा, डोक्यावर मोठी टोपी. कुणी न सांगता त्यांनी जोडे पायरीवर काढले. पायमोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते पाहिलं आणि सासूबाईंचा चेहरा जरा निवळला.

मी चहाची किटली डाव्या हातानं उचलली.

"अगं, डाव्या हातानं काय देतेस?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "उजव्यानं दे."

मी हात बदलला. किटली उचलताना काखेपासून बोटापर्यंत अशी कळ गेली की चहा बशीत सांडला. हे हसून इंग्रजीत काहीतरी म्हणाले, बहुतेक सवय नाही वगैरे. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, की मलाच तसं वाटलं, देव जाणे.

मग त्यांनी करंजी उचलली.

ती मी मुरडली होती. ह्याच हातानं. प्लेग शिवण्यानं होतो, उष्ट्यानं होतो, असंच आम्ही ऐकलेलं. ही परकी बाई भोक पडलेले पायमोजे घालून माझ्या दारात विश्वासानं बसली होती आणि माझ्या हातचं तोंडात घालणार होती.

"खाऊ नका!" मी ओरडले.

बाईंचा हात थांबला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वेड लागलं का?"

"मला गाठ आलीय," मी म्हटलं. "काखेत."

हे उठले ते आधी रस्त्याकडे बघायला. कुणी ऐकलं तर नाही ना! मग ओटीचं दार लावून त्याला पाठ टेकून उभे राहिले. सासूबाई माझ्याजवळ आल्या. मी मागे सरकले, तरी त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि बाईंना म्हणाल्या, "हिला एकटीला नेऊ नका. न्यायचंच तर मलाही न्या."

बाईंनी करंजी बशीत ठेवली. "आत चला," एवढंच म्हणाल्या.

आणि सासूबाईंनी त्यांना माजघरात नेलं.

आत बाईंनी काखेत ताप बघायची काचेची नळी ठेवली. त्यांची बोटं थंडगार होती. मग त्यांनी चिंधी सोडली. बोट पिकून पिवळं झालं होतं आणि मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढली होती.

"हे केव्हा?"

"परवा. नारळ खवताना."

बाई मागे सरकून भिंतीला टेकल्या. "ताप थोडा," त्या म्हणाल्या. "हे बोटाचं आहे. प्लेग, मला वाटतं, नाही."

त्या 'मला वाटतं'नं मला जास्तच भीती घातली. त्यांनी सरळ सांगितलं, ताप वाढला तर त्यांना तसं वर लिहून द्यावं लागेल, लपवता येणार नाही. मग सासूबाईंकडून उकळतं पाणी मागून घेतलं, सुई उकळवली आणि बोट फोडलं. मी किंचाळू नये म्हणून सासूबाईंनी पदराचा बोळा माझ्या तोंडात दिला.

हात धुऊन बाई पुन्हा ओटीवर बसल्या. चहा निवाला होता, तो तसाच प्याल्या. सासूबाईंच्या हातचा चिवडा मूठभर खाल्ला. करंजीला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

पुढचे तीन दिवस मी मेले आहे असंच धरून जगले. रस्त्यावर बूट वाजले की मी माजघराच्या दाराआड सरके. हे स्टेशनातून दर दोन तासांनी घरी येऊन लांबूनच विचारत, "ताप?" बाई गाडी तपासून झाली की रोज येत, नळी लावत आणि जात. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाठ चाचपली. ती बोरापेक्षा लहान झाली होती.

"गेली," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

मी धीर करून विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का हो, बाई? इतक्यांना हात लावता."

त्यांनी शब्द शोधले. "रोज," त्या म्हणाल्या. "गाडी आली की रोज."

उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. पुढे कुठे गेल्या, जगल्या की नाही, आम्हाला कळलं नाही. पुढल्या हिवाळ्यात प्लेग कर्जतातच शिरला आणि आमची आळीच्या आळी शेतात झोपड्या घालून राहिली. तिथे रोज सकाळी चूल पेटवण्याआधी सासूबाई मला दोन्ही हात वर करायला लावून काखा चाचपून बघत. मग स्वतः हात वर करून माझ्यापुढे उभ्या राहत. मी त्यांच्या बघत असे.