थोरली आली का?

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात हसण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. अहो, रडून रडून माणूस थकतो, मग हसतोच! आम्ही तिथल्या जुन्या नर्स भेटलो की एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो. हे सगळे ऐंशीच्या दशकातले. नाशकात गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, पुड्या तेव्हा नुकत्याच हिंडू लागल्या होत्या.

*

पंचवटीतला रिक्षावाला भास्कर भरती झाला, तेव्हा त्याच्या आईनं पिशवीच उपडी केली. सर्दीचं औषध एका डॉक्टरचं, जुलाबाचं दुसऱ्याचं, पोटऱ्या वळतात म्हणून तेल, आणि झोप येत नाही म्हणून अंगारा!

आमचे डॉक्टर म्हणाले, "आई, हे वेगवेगळे आजार नाहीत. सगळी एकाच घरची मंडळी आहेत. पुडी मिळाली नाही की आधी जांभई येते, मग नाक गळतं, मग पाय वळतात."

झालं! वॉर्डानं लगेच बारसं उरकलं. जांभई थोरली, नाक मधली, पाय धाकटी.

*

मग रिवाजच पडला. नव्या पेशंटनं जांभई दिली की जुने पेशंट न सांगता उठायचे. एक जण ओकारीसाठी बादली आणायचा, दुसरा ब्लँकेट.

एकदा राउंडला दमलेल्या डॉक्टरांनीच भलीमोठी जांभई दिली. पुढ्यात बादली हजर! आणणारा पेशंट म्हणाला,

"लाजू नका डॉक्टर. आम्हीपण आधी नाहीच म्हणायचो!"

*

भास्कर मोठा बिलंदर. आल्या दिवशीच पाय धरून ओरडायला लागला, "सिस्टर, इंजेक्शन द्या, मेलो!"

शेजारच्या खाटेवर तांबोळीकाका होते, जन्मभर अफू खाल्लेले. ते शांतपणे म्हणाले, "काय रे, थोरली नाय, मधली नाय, आन् धाकटी एकटीच कशी आली?"

भास्करनं तोंडावर चादर ओढली. संध्याकाळी तिघी खरोखरच आल्या, तेव्हा त्याचे पाय रगडायला काकाच बसले. मला त्या म्हाताऱ्याची फार माया वाटायची.

*

भास्करच्या बायकोनं, शकुंतलेनं, आधीच बजावलं होतं, "अर्ध्यातून पळून आलात तर मी निफाडला, माहेरी!"

तरी एका दुपारी हा निघालाच. आमटी अळणी, सिस्टर खडूस, सगळ्यांवर खेकसून पिशवी उचलली. गेटपाशी पोचला आणि पोटऱ्या अशा वळल्या की खालीच बसला!

काका त्याला धरून आत घेऊन आले. म्हणाले, "धाकटीनं संसार वाचवला बघ."

*

भास्कर सावरला. पाय शांत झाले, जेवण जाऊ लागलं. आणि नेमकी तेव्हाच शकुंतला ट्रंक घेऊन आली.

"याआधीपण तुम्ही बरे झाला होतात," ती म्हणाली. "आता नाय धीर धरवत. दुपारच्या बसनं निफाडला चालले."

आणि बोलता बोलता शकुंतलेला जांभई आली.

अख्खा वॉर्ड उठला! एकानं बादली आणली, एकानं ब्लँकेट. काका म्हणाले, "पोरी, पाय वळतायत का?"

"मला काय झालंय?" ती चिडली. "यांची वाट बघण्यात वर्सं गेली. झोपच नाय मला."

भास्करनं आपली खाट झटकली. ती नको नको म्हणत टेकली आणि बघता बघता गाढ झोपली. वॉर्डात कोणी खोकलंसुद्धा नाही. हा पायथ्याशी बसून तिच्यावरच्या माशा वारत होता.

उन्हं उतरल्यावर ती दचकून उठली. "बस गेली?"

"गेली."

"उद्या हाय ना?"

"हाय," भास्कर मान खाली घालून म्हणाला.

तिनं ब्लँकेट परत अंगावर ओढलं.

"मग उद्यापण उठवू नका."